अमानत, कुत्रा एक

ईरा, तुझा फॉर्म मिळाला. चार पानं आहेत. मी ती छापून आणली, दोन भोकं पाडून फाईलला लावली आणि मगच वाचायला बसले. पडद्यावर वाचलेलं माझ्या लक्षात राहत नाही. कुत्रा घरी आणायला इतकी चौकशी होते हे मला नवीनच. घराला कुंपण किती उंच, तुम्ही दिवसातून किती तास बाहेर असता, घरात कुणाला ॲलर्जी आहे का, आणि शेवटी त्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातलं कुणीतरी येऊन घर पाहून जाणार. तुझा भाऊ नील फोनवर म्हणाला, "आजी, मला कॉलेजात इतकं विचारलं नव्हतं." विचारू देत. ज्या जिवाला एकदा कुणीतरी सोडून दिलंय, त्याला दुसऱ्यांदा कुणाच्या हाती देताना विचारावंच. मला तो फॉर्म आवडला. तिसऱ्या पानावर प्रश्न आहे, कुटुंबात पूर्वी कुत्रा होता का, असल्यास तो कसा आला आणि पुढे त्याचं काय झालं. तू तिथे पेन्सिलीने लिहिलं आहेस, "बहुतेक नाही. आजीला विचारणे." बरं झालं विचारलंस. होता. त्याची गोष्ट मी तुझ्या बाबाला तुकड्यातुकड्यांनी सांगितली आहे, पण सलग कुणालाच सांगितलेली नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी दीड ओळ जागा ठेवली आहे, म्हणून इथे लिहिते.

मी तेव्हा सहावीत होते. आम्ही मेहकरला राहायचो, बसस्टँडकडून येणारा रस्ता जिथे वळतो तिथल्या शेवटच्या घरात. घर भाड्याचं होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे टिनाची ओसरी. त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहाटे बालाजीच्या देवळातली घंटा, मग समोरच्या तेलघाण्याचं कुरकुरणं, मग आईच्या भाकरी थापण्याचा थप थप, आणि त्या सगळ्यावरून कंडक्टरची हाळी, "चिखली, चिखली, बुलढाणाऽऽ!" बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सकाळी दाढी करताना ते मोठ्याने इंग्रजी कविता म्हणत आणि आई आतून म्हणे, "गाल कापेल." माझं इंग्रजी त्या आरशासमोर सुरू झालं. आईची चूल शिस्तीची. पहिली भाकर गाईची, ती दारावर येणाऱ्या गाईला, आणि शेवटची कुत्र्याची, ती पायरीच्या कडेला ठेवलेल्या दगडावर. शेवटची भाकर जाड आणि वेडीवाकडी असायची, कारण परातीत उरलेलं सगळं पीठ तिच्यात जायचं. ती खायला गल्लीतलं कोणतंही कुत्रं येई. आमचं असं एकही नव्हतं, आणि कधी असेल असं आईच्या स्वप्नातही नव्हतं. तिचं सोवळं कडक नव्हतं, पण उंबरा म्हणजे उंबरा.

ओसरीतल्या खाटेवर माझे आजोबा. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना तहसील कचेरीत नकलनवीस होते. म्हणजे कुणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली की नाना ती स्वतःच्या हाताने उतरवून देत आणि खाली 'खरी नक्कल' असं लिहीत. त्यांचं अक्षर असं होतं की लोक म्हणत, मूळ कागद ठेवून द्या, नाना, आम्हाला नक्कलच द्या. ओळीखाली रेघ नसली तरी ओळ हलायची नाही. सेवानिवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा ओढत का होईना, चालू लागला. जीभ तर महिन्याभरातच सुधारली. आई म्हणायची, "जे थांबलं असतं तर चाललं असतं तेच आधी सुरू झालं." पण उजवा हात राहिला. तो मांडीवर पडलेला असे आणि नाना त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसे पाहत. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. नानांनी तो डाव्या हाताने तेलघाण्याच्या दिशेने फेकून दिला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?" मी तो उचलून आणला, त्यांनी पुन्हा फेकला. तिसऱ्या वेळी मी आणला नाही. मग त्यांनी ओसरीवरून उतरणंही सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड. बाबा हळू आवाजात आईला म्हणाले, "असंच राहिलं तर पायही जाईल, डॉक्टर म्हणाले." ते मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून नाना भिंतीकडे वळले की मी वही घेऊन त्यांच्या खाटेशी जाऊन बसायचे.

दिवाळी नुकतीच झाली होती. कापसाच्या गाड्या रस्त्यावरून रांगेने जात होत्या आणि त्यांच्या मधूनच मेंढ्यांचे कळप. धनगर दरवर्षी या दिवसांत आमच्याकडून वरच्या शेतांकडे जात आणि होळीच्या सुमारास परत येत. त्या सकाळी एका कळपाचा कुत्रा गाडीच्या चाकाखाली आला. मी ओरडणं ऐकून बाहेर धावले, तर तो तीन पायांवर उड्या मारत थेट आमच्या पायरीशी आला, दगडावरची ती जाड भाकर त्याने एकदा हुंगली, आणि तिथेच आडवा झाला. तसा कुत्रा मी पाहिला नव्हता. उंच, पोट आत गेलेलं, नाक लांब, आणि रंग खरोखर पारव्यासारखा, निळसर राखी. गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात. याच्या कानांना, शेपटीला आणि पायांना मात्र शालीच्या दशांसारखे मऊ लांब केस लोंबत होते. त्याच्यामागून हातात काठी घेतलेली एक म्हातारी धावत आली. ती धुरपताबाई, कळपाची मालकीण.

"उठ, पारव्या! उठ बाप्पा!" ती म्हणाली. पारवा उठला नाही. पुढचा डावा पाय नको तिथून वाकला होता.

नाना भिंतीकडून वळले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "बाई, तो उठणार नाही," ते म्हणाले. "हाड मोडलंय."

"मंग काय करू बुवा? पोरं पुढं गेले मेंढरं घेऊन. याले खांद्यावर नेऊ का?"

"समोर गुरांचा दवाखाना आहे. गफूरला बोलवा."

गफूरचाचा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, पारव्याने त्यांना एकदाही दात दाखवले नाहीत. काम झाल्यावर चाचा नानांकडे पाहून म्हणाले, "नाना, तुमचा उजवा गेला, याचा डावा. दोघं मिळून एक पूरा आदमी होते." आईने आतून "चाचा!" असं दटावलं, पण नाना हसले. तेही कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. मग चाचा धुरपताबाईला म्हणाले, "महिना-दीड महिना हा चालू शकत नाही. कुठं तरी ठेवा लागते." धुरपताबाईने ओसरीकडे पाहिलं, दगडावरच्या भाकरीकडे पाहिलं, आमच्या दाराकडे, आईकडे, माझ्याकडे. घर पाहून जाणं म्हणतात ते हेच, ईरा, आणि तिने ते मिनिटभरात उरकलं. "इथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आई उंबऱ्यात उभी होती. ती "नाही" म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात नाना म्हणाले, "ठेवा. पण लिहून."

हा आमच्या नानांचा स्वभाव. शेजारणीने वाटीभर साखर नेली तरी त्यांना वाटे, दोन ओळी असाव्यात. धुरपताबाई म्हणाली, "कुत्र्याचा कागूद?" "कुणाचाही असो. पराई चीज घरात राहणार, तर कागद हवा." मी दप्तरातून वहीचं पान फाडलं आणि नानांनी सांगितलं तसं लिहिलं. अमानत, कुत्रा एक, नाव पारवा, रंग राखी, पुढील डावा पाय जायबंदी, धनीण धुरपताबाई हिचेकडून आज रोजी ताब्यात घेतला, मेंढ्या परत येतील तेव्हा धनीणीस परत करीन, सबब हा कागद लिहून दिला असे. मग सहीची वेळ आली. नानांनी उजव्या हाताकडे पाहिलं, आणि मग डावा अंगठा माझ्यापुढे केला. मी त्याला दौतीतली शाई लावली. "खाली लिही," ते म्हणाले, "निशाणी डावा अंगठा." ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या अंगठ्यांखाली हे तीन शब्द लिहिले, त्याच्या अंगठ्याखाली ते मी लिहिले. धुरपताबाईने कागदाची घडी करून तंबाखूच्या चंचीत टाकली आणि काठी टेकत कळपामागे निघून गेली. पारवा बराच वेळ तिच्या दिशेने पाहत राहिला. नानाही.

पहिले आठ दिवस घरात कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं. बाबांना वाटलं, एवढा देखणा कुत्रा म्हणजे विलायती रक्त असणार. ते शाळेतून आले की सरळ उभे राहून म्हणत, "सिट!" पारवा त्यांच्याकडे सौजन्याने पाही आणि उभाच राही. "पारवा, कम हिअर!" पारवा जांभई देई. आई म्हणे, "तुमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा तर शहाणाच आहे, निदान ऐकल्यासारखं तरी करतो." मी तो रबरी चेंडू त्याच्यापुढे टाकून पाहिला. त्याने चेंडूकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. नानांना त्याबद्दल त्याचा आदर वाटला असावा. आईचं म्हणणं एकच, उंबऱ्याच्या आत नको. आणि गंमत म्हणजे पारवा कधी आत गेलाच नाही. तो रानात वाढलेला, छपराखाली झोपायची त्याला सवयच नव्हती. नानांच्या खाटेशेजारी तो ओसरीच्या कडेला पडे, आणि त्याच्या भाकरीची जाडी रोज वाढत चालली होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर असली की आई ती दुधात कुस्करून देऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, "हाड जुळायला लागतं." नानांनाही तेच मिळू लागलं. त्यांचंही हाड जुळायचं होतं की काय कोण जाणे.

हात कसा सुरू झाला ते मी पाहिलं आहे, म्हणून नीट लिहिते. पारव्याच्या त्या रेशमी केसांत गोखरूचे काटे अडकायचे, आणि ते काढले नाहीत तर गाठी होऊन कातडी सुजते असं गफूरचाचांनी सांगितलं. "नाना, तुम्ही बसूनच आहे. फणी घ्या, काम करा." नाना म्हणाले, "एका हाताने?" चाचा म्हणाले, "एकाने फणी. दुसरा नुसता वरती ठेवा, तो हलत नाही मग." म्हणून नाना उजवा हात डाव्या हाताने उचलून पारव्याच्या पाठीवर ठेवत, कागद उडू नये म्हणून वर वजन ठेवतात तसा, आणि डाव्या हाताने फणी फिरवत. रोज सकाळी आणि शाळेतून मी आल्यावर. पारवा उभा राही तेव्हा त्याची पाठ बरोबर खाटेच्या उंचीला येई. तो श्वास घेई तसा नानांचा हात वर जाई, खाली येई. "बघ," नाना एकदा मला म्हणाले, "हात हलतोय. पण मी हलवत नाही, हा हलवतोय." ते अगदी कोरडेपणाने म्हणाले, पण मला वाटतं त्या दिवसापासून त्यांनी त्या हाताकडे पुन्हा आपला म्हणून पाहायला सुरुवात केली. पंधरावीस दिवसांनी मी पाटीवर गणितं करत बसले होते, आणि मला दिसलं की नानांची तर्जनी पारव्याच्या कानामागे खाजवते आहे. अगदी थोडी. नाना समोरच्या रस्त्याकडे पाहत होते, त्यांना ठाऊकच नव्हतं. "नाना, बोट!" मी ओरडले. त्यांनी खाली पाहिलं. बोट थांबलं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. काही झालं नाही. मग पारव्याने मान तिरकी करून कान त्यांच्या बोटाला घासला, पुढे खाजव म्हणून. आणि बोट पुन्हा हललं. "कुणाला सांगू नकोस," नाना म्हणाले. "खात्री होऊ दे. कच्ची नोंद करायची नसते." मी संध्याकाळी आईला सांगितलं. आईने चुलीकडे तोंड केलं आणि बराच वेळ विस्तव फुंकत राहिली, विस्तव चांगला पेटलेला होता तरी.

ईरा, तू लिहिलं आहेस की शिकवून तयार झाल्यावर तुझा कुत्रा दवाखान्यात जाईल, आणि तिथे झटका आलेली माणसं त्याला ब्रश करून हात सुधारतात, या उपचाराला एक नाव आहे आणि प्रमाणपत्र आहे. मी ते वाचून एकटीच हसले. पण शिस्तीत सांगायचं तर हेही लिहायला हवं, की पुढे बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, काही रुग्णांत हात आपणहून परततो, तसाही परतला असता. असेल. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे, की चेंडूसाठी न हललेला हात गोखरूसाठी हलला. आणि तुझ्या बाबाने त्याच्या फोनवर शोधून मला सांगितलं, की तसल्या केसांच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, अस्सल आता फार कमी उरलेत, आणि लोक तो हौसेने मिरवतात. धुरपताबाईला हे ऐकून काय वाटलं असतं! तिच्या लेखी तो कळपाचा कुत्रा होता, लांडग्याच्या मागे धावणारा.

कामट्या सुटल्यावर चाचा म्हणाले, याला रोज चालवा, नाहीतर पाय आखडेल. बाबांची शाळा, माझी शाळा, आईची चूल. राहिले नाना. पहिल्या दिवशी दोघं तेलघाण्यापर्यंत गेले. दोघांचे मिळून पाय सहा, त्यातले धड चार. आईने दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मग ते रोज थोडं पुढे जाऊ लागले, आणि घरी आल्यावर नाना फणी थोडा वेळ उजव्या बोटांत धरू लागले. बसस्टँडवरची माणसं ओळखू लागली. चिखलीच्या गाडीचा कंडक्टर हाळी देता देता मधेच म्हणे, "नानाजी, कुत्रं तुमाले फिरवते का तुम्ही कुत्र्याले?" नाना म्हणत, "पाळीपाळीने." घरात आता कुणीच होळीचं नाव काढत नव्हतं. होळी म्हणजे मेंढ्या. मी मनातल्या मनात धुरपताबाई दुसऱ्या रस्त्याने जावी अशी प्रार्थना करायचे. नानांना एकदा विचारलं, "ती नाहीच आली तर?" "येईल," ते म्हणाले. "लिहिलेलं आहे."

आली. रविवार होता, ऊन नुकतंच तापू लागलं होतं. आमच्या आधी पारव्याला कळलं. तो उभा राहिला, कान ताठ, आणि मग असा पळत सुटला की मोडलेला पाय कोणता ते ओळखू येऊ नये. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळात रस्ता मेंढ्यांनी भरून गेला आणि मधून धुरपताबाई चालत आली, पारवा तिच्याभोवती गोल गोल फिरत. ओसरीशी आल्यावर तो तिला सोडून नानांच्या खाटेशी गेला, पाठ त्यांच्या हाताखाली धरून उभा राहिला, मग पुन्हा तिच्याकडे, पुन्हा नानांकडे. दोन घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखी त्याची धांदल चालली होती. आईने धुरपताबाईला भाकर आणि ठेचा दिला, वर चहा. ती पायरीवर बसून निवांत जेवली.

"लय जाडा केला वं बाई तू याले," ती आईला म्हणाली. "लांडग्यामांगं आता हा काय धावते! लांडगाच याच्यामांगं येईन."

आई कसनुशी हसली. धुरपताबाईने हात धुतले, काठी उचलली, पारव्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. तिने त्याला हाक मारली नाही. माझा श्वास मोकळा झाला. आणि तेवढ्यात नाना म्हणाले,

"थांबा बाई. कुत्रा घेऊन जा."

सगळे थांबले. धुरपताबाई वळली. "काऊन? खात नाही का?"

"खातो."

"चावला का कोनाले?"

"नाही."

"मंग काऊन नेऊ? आमच्यात असं हाये बाप्पा, ज्या घरची भाकर कुत्रं चार महिने खाते, त्या घरचं ते होते. मी मांगाले नोती आली. पाहाले आलती."

"मी लिहून दिलंय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ते हलेनात. "मेंढ्या परत येतील तेव्हा परत करीन. कागद तुमच्याकडे आहे."

आतून आईचा आवाज आला, "आग लागो त्या कागदाला!" सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलली होती. मी रडत धुरपताबाईच्या चंचीकडे धावले, फाडून टाकते म्हणाले. नाना म्हणाले, "फाडलास तरी त्याची नक्कल माझ्या डोक्यात आहे." त्यांचा उजवा हात पारव्याच्या पाठीवर होता. ज्या माणसाला तो कुत्रा सगळ्यांत जास्त हवा होता, तोच एकटा त्याला घालवायला निघाला होता, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. इकडे रस्ता मेंढ्यांनी अडलेला, आणि चिखलीची गाडी येऊन उभी. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, मेंढ्या ढिम्म.

"ओ बाई!" कंडक्टर दारातून ओरडला. "मेंढरं काढ ना! गाडी लेट होऊन राह्यली!"

"थांब ना बे!" धुरपताबाई त्याच्यावर खेकसली. "इथं कागदाचं काम चालू हाये!" मग नानांकडे वळून ती सावकाश म्हणाली, "कागदानं बांधलं ना तुमाले? मंग कागदानंच सोडवा. दुसरा लिहा. धुरपतानं कुत्रं देल्लं म्हणून. मी लावते अंगठा."

बाबांनी लगेच खिशातून पेन काढलं. नाना म्हणाले, "मुलगी लिहील. पहिला तिच्या हातचा आहे." मी डोळे पुसत पाटीवर कागद ठेवला आणि लिहिलं, धुरपताबाई हिने सदर कुत्रा राजीखुशीने कायमचा दिला, मी तो घेतला. धुरपताबाईने अंगठा उमटवला. बाबा नानांचा डावा अंगठा धरू लागले, तर नानांनी तो मागे घेतला.

"अंगठ्याने घेतलेलं अमानत असतं. कायमचं ठेवून घ्यायला सही लागते."

असा कोणताही कायदा नाही. मोठेपणी मी एका वकिलांना विचारलं, ते पोट धरून हसले. पण त्या सकाळी ओसरीत तो कायदा होता. नानांनी आपला जुना टाक मागवला. आईने तो देवघराच्या कोनाड्यातून आणून दिला. पहिल्यांदा तो उजव्या हाताच्या बोटांतून सुटला आणि धोतरावर शाईचा डाग पडला. दुसऱ्यांदा धरला गेला, पण मांडीवरच्या कागदाशी जाऊन हात नुसता पडून राहिला, पूर्वीसारखा. बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. भोंगा थांबला होता. मला नानांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. तेव्हा नानांनीच पाटी उचलायला सांगितली. "याच्या पाठीवर ठेव," ते म्हणाले. "हा हात तिथेच चालतो." मी पाटी पारव्याच्या पाठीवर धरली. नानांनी हात त्याच्या सवयीच्या जागी नेला, टाक कागदाला लावला, आणि पारवा दगडासारखा स्थिर उभा राहिला. फक्त श्वास घेत होता. श्वास वर, अक्षर वर. श्वास खाली, अक्षर खाली. नानांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावाच्या शेवटच्या काना-मात्रेपर्यंत. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, तेलघाण्याचा बैलसुद्धा थांबला होता असं मला वाटतं.

"झाली का सही?" बसमधून कुणीतरी ओरडलं.

"झाली," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कागद वर धरून बसकडे दाखवला.

"साक्षीदार पाहिजे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला होता. कंडक्टर मेंढ्यांतून वाट काढत आला, कानावरची पेन्सिल काढून त्याने सही ठोकली, आणि बहुधा सवयीनेच, तिकिटाचा पंच काढून कागदाच्या कोपऱ्याला एक भोक पाडलं. "आता पक्कं," तो म्हणाला. धुरपताबाईने कागद हातात घेऊन उलटा धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. "लय सुंदर निघालं," ती म्हणाली. मग तिने जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, मेंढ्या बाजूला झाल्या, आणि चिखलीची गाडी गेली. पारवा ओसरीच्या कडेपर्यंत गेला, धुरपताबाई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, आणि परत येऊन खाटेशी पाठ लावून बसला. त्या दिवशी आईने अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आणि कुत्र्याची भाकर दगडावर न ठेवता उंबऱ्यात बसून पारव्याला हाताने भरवली. नाना पुढे नऊ वर्षं होते आणि त्यांची सही शेवटपर्यंत तशीच राहिली, लाटेसारखी. पुढच्या वर्षापासून धुरपताबाई दर होळीला जेवून जाई. पारवा म्हातारा होऊन आमच्या ओसरीतच गेला, एका दुपारी, उन्हात.

तर ईरा, तिसऱ्या पानावर लिही, होय, होता. सोबत तो दुसरा कागद जोडते आहे. मूळ माझ्याकडेच राहील, तो इतका जीर्ण आणि फिकट झाला आहे की प्रवास सोसणार नाही. म्हणून मी त्याची प्रत माझ्या हाताने उतरवली, पंचाचं भोकसुद्धा गोल काढून दाखवलं, आणि खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली. फॉर्मच्या शेवटच्या पानावर, जिथे तुला लहानपणापासून ओळखणाऱ्याची सही हवी आहे, तिथेही केली आहे. गेल्या वर्षापासून माझा हात थोडा हलतो, म्हणून मी सह्या टाळत होते. दोन्हीकडे अक्षर वरखाली झालं आहे. घर पाहायला येणाऱ्या तुझ्या माणसांनी विचारलं तर सांग, आमच्या घराण्यात सही अशीच येते. फक्त आजीच्या पाटीखाली कुत्रा नव्हता.